सरबतकाका

एरवी चहाची पावडर कुठल्या डब्यात आहे हे ज्यांना बायकोला विचारावं लागतं, ते सरबतकाका बाजारात कैरी दिसली रे दिसली की स्वयंपाकघराचा ताबा घेतात. ताबा म्हणजे देखरेख. कैऱ्या उकडायच्या, सोलायच्या, गर काढून चाळणीवर घासायचा, ही किरकोळ कामं काकूंकडे. गराच्या दुप्पट गूळ घेतला की नाही हे बघणं आणि शेवटी चिमूटभर मीठ टाकणं काकांकडे. त्या मिठानंतर पन्हं काकांचं होतं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पुरुषांचं काय काम? तरी काका आतल्या खोलीत दार किलकिलं ठेवून बसतात. आंबेडाळीचं कौतुक होतं, आराशीचं होतं. अखेर कुणीतरी म्हणतं, “वहिनी, पन्हं काय सुरेख झालंय हो!” की काका बाहेर हजर. “मीठ जाणवतंय का?” बायका ओटीतले हरभरे सांभाळत एकमेकींकडे बघतात. जाणवतंय म्हणावं तर खारट झाल्यासारखं, नाही म्हणावं तर काकांचं सगळं कर्तृत्वच पुसल्यासारखं.

कोकमाच्या बाबतीत काका कडवे आहेत. मिठातलं ते आगळ, साखरेतलं ते अमृत कोकम, हा भेद माहीत नसलेल्या माणसाला ते मुलगी देणार नाहीत. (त्यांना मुलगी नाही.) मे महिन्यात गावाहून रातांबे येतात. बिया काढून वाट्यांत साखर भरायची, बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि आठवडाभर उन्हात ठेवायचं, एवढंच काम. पण ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ऊन येतं गॅलरीत दोन तास, मग बेडरूमच्या खिडकीत अर्धा तास. काका बरणी उचलून उन्हामागे हिंडतात. त्या आठवड्यात त्यांना लग्नाचं आमंत्रण देऊन उपयोग नसतो.

बाटल्या वर्षभर जमवलेल्या असतात. आवळ्याचं सरबत टोमॅटो सॉसच्या बाटलीत, वाळ्याचं गुलाबपाण्याच्या. एका बाटलीचं लेबल मात्र नखानं खरवडून काढलेलं आहे. तिच्याबद्दल विचारलं की काका मेहुण्याकडे बोट दाखवतात. मे अखेर फ्रिजमध्ये दुधाला जागा उरत नाही.

पाहुणा घामाघूम होऊन येतो. पाणी मागायची सोय नाही. “पाणी काय पिताय! बसा.” मग प्रवचन. बर्फ नको, घसा धरतो. माठात वाळ्याची जुडी हवी. आम पन्ना? जिरं-पुदिना घालून कैरीचा सत्यानाश! मधुमेह आहे? अहो, हा गूळ आहे, साखर नव्हे. (पाहुण्याच्या डॉक्टरांचं मत वेगळं असतं, पण ते तिथे नसतात.) आतून काकूंचा आवाज येतो, “अहो, आधी पाणी तरी द्या त्यांना!” तेवढ्यात पेला हातात पडतो आणि पहिल्या घोटालाच परीक्षा सुरू होते: “ओळखा, यात काय आहे?”

वेलदोडा? तो असतोच. जायफळ? छे! जाणकार पाहुणे थोडा वेळ डोळे मिटतात आणि “केशर!” म्हणतात. काकांचा चेहरा उजळतो, दुसरा पेला येतो. नको असलेले लोक म्हणून मुद्दाम चुकतात. पण मग समजावून सांगण्यासाठीही दुसरा पेला येतोच.

परवा लिफ्ट बंद होती. सिलिंडरवाला चौथ्या मजल्यापर्यंत सिलिंडर खांद्यावर घेऊन आला. काकांनी त्यालाही गाठला. त्यानं पेला एका दमात रिकामा केला, बाहीनं तोंड पुसलं.

“ओळख बघू, यात काय आहे?”

“कैरी,” तो म्हणाला.

हे उत्तर इतक्या वर्षांत कुणी दिलं नव्हतं. काका क्षणभर नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “ती आहेच रे, पण आणखी?”

“गूळ. जरा जास्तच पडलाय,” असं म्हणून त्यानं रिकामा पेला काकूंपुढे धरला. “मावशी, आता पाणी द्या.”