टपाला सुटले पोपडे : शास्त्रोक्त निवारण

गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली की एका सकाळी तिच्या टपावर पांढरट डाग दिसतो. गृहस्थ त्याला कावळ्याचा प्रसाद समजतो आणि ओल्या फडक्याने पुसतो. डाग जातो. गृहस्थ समाधानाने आंघोळीला जातो. परत येऊन पाहतो तर डाग जागच्या जागी! खालापूर तालुक्यातल्या समस्त जुन्या गाडीवाल्यांसाठीचे हे मार्गदर्शन इथूनच सुरू होते. कारण रोगाचे निदान त्या फडक्याने कधीच केलेले असते, ते गृहस्थाच्या तेवढे ध्यानात आलेले नसते.

निदान असे. मूळ रंगावर एक पारदर्शक थर असतो. गॅरेजात त्याला नुसते ‘क्लिअर’ म्हणतात. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून बारीक (केस उरले असल्यास ताडून पाहावे). अतिनील किरण आपल्या अंगावर घ्यायचे, हे त्याचे काम. ते करता करता तो ठिसूळ होतो, तडकतो, भेगांत हवा शिरते आणि जागा पांढरी दिसू लागते. भेगांत पाणी भरले की डाग गुप्त, पाणी वाळले की पुन्हा प्रकट. दारे ठणठणीत राहतात आणि टप, बॉनेट, डिकी आधी जातात, कारण दुपारचे ऊन आडव्या पत्र्यावरच बसते.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या जुन्या पद्मिनीला हे दुखणे नव्हते. तिचा रंग साधा. तो उन्हाने भुरका पडे, फडक्याने घासला तर फडक्याला लागे, आणि पॉलिश मारले की पुन्हा उजळे. त्या आठवणीवर विसंबून आजही कित्येक ज्येष्ठ नागरिक तडकलेल्या क्लिअरवर पॉलिश रगडतात. भेगेला पॉलिश मारल्याने भेगेला चकाकी येते, इतकेच.

माझी गाडी २००८ची, चंदेरी, एमएच-०६. तिच्या डोक्यावर जांभूळ आहे. सावलीसाठी म्हणून गाडी तिथे लावली होती. मे अखेरीस वरून जांभळे पडतात आणि रात्री ती जांभळे खाऊन तृप्त झालेली वटवाघळे उरलेला कार्यक्रम उरकतात. ही विष्ठा आणि आंब्याचा चीक दोन्ही क्लिअरला खातात. तासाभरात धुतले तर ठीक, उन्हात भाजले गेले तर तिथे कायमचा नकाशा. झाडाखालून काढून उन्हात लावावी तर ऊन आहेच. एक्सप्रेसवेवर न्यावी तर पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा खडा बॉनेटवर बसतो, आणि मग पोपडे त्या टवक्यापासून सुरू होतात. थोडक्यात, गाडी घरात, शक्यतो देवघराशेजारी ठेवावी.

आता घरगुती उपचार. शेजारचे भाऊ टूथपेस्ट सांगतात. समोरच्या काकू खोबरेल सांगतात. त्यांच्याकडे गुडघ्यापासून कुळवहिवाटीच्या वादापर्यंत सगळ्यावर खोबरेलच असते. काकूंचा उपाय तडक गुण देतो, कारण तेलही पाण्यासारखेच भेगांत भरते. दोन दिवस टप नव्या नवरीसारखा दिसतो. तिसऱ्या दिवशी त्यावर सावरोली रस्त्याची सगळी धूळ बसते. पुढे कधी रंग द्यायची वेळ आली तर त्या तेलकट जागी रंग धरत नाही, बारीक बारीक खळगे पडतात, आणि पेंटर आपल्याकडे पाहून मान हलवतो.

पेंटरचा उपाय एकच आणि तो ऐकवत नाही: आहे तेही काढा. सुटलेल्या पोपड्यांवर नवे क्लिअर मारले तर जुन्याबरोबर नवेही सुटते. म्हणून ३२० किंवा ४०० नंबरच्या पेपरने कडा घासत जायचे. किती? डोळे मिटून बोट फिरवले तर पायरी लागता कामा नये, इतके. पत्रा उघडा पडला तिथे प्रायमर. मग ६०० किंवा ८००ने पाणी मारून घासणे, मग चंदेरी रंगाचे दोन-तीन हात. हा रंग वाळल्यावर मेलेल्या माशासारखा निस्तेज दिसतो. घाबरून पेंटरशी भांडू नये, चमक त्यात नसतेच. मग हार्डनर घातलेले क्लिअर, दोन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटांची उसंत. हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. तोंडाला रुमाल बांधल्याने फक्त दरोडेखोरासारखे दिसता येते. खरा मास्क लागतो.

आणि ठिगळ चालत नाही. क्लिअर पत्र्याच्या कडेपर्यंतच न्यावे लागते, मध्ये थांबवले तर तिथे वळ दिसतो आणि वर्षा-दोन वर्षांत तिथूनच सुटू लागते. बॉनेटला चारी बाजूंनी कडा आहे. टपाची कड मात्र खांबांवरून उतरत कुठल्या कुठे जाते, म्हणून हातभर डागासाठी अर्धी गाडी रंगवावी लागते. चंदेरीच्या जागी दुसरा रंग द्यावासा वाटल्यास आरसीवर नोंद करावी लागते. पंधरा वर्षे उलटल्यावर पर्यावरण कर भरून नोंदणी वाढवून आलेल्या माणसात पुन्हा आरटीओत जाण्याचे त्राण नसते.

सामान, पैसे, धैर्य जमले. राहिला मुहूर्त. जूनमध्ये मी खोपोलीच्या एका पेंटरकडे गेलो. तो म्हणाला, “काका, हवेत एवढं पाणी असताना मारलं तर क्लिअर दुधासारखं पांढरं पडेल. दसऱ्यानंतर या.” आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, त्यामुळे मुद्दा बिनतोड. दसऱ्यानंतर गेलो, तर शेडशेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी. ओल्या क्लिअरवर भाताचे तूस बसले तर गाडीला दाढी आल्यासारखे दिसते. दिवाळी झाली. तुळशीचे लग्न झाले आणि माणसांची सुरू झाली. गाडी तीन आठवडे कोणाच्या ना कोणाच्या वऱ्हाडात. माघी गणेश जयंतीला पाहुण्यांना महडला वरदविनायकाला न्यायचे, तेव्हा गाडी गॅरेजात कशी टाकणार? मार्चमध्ये वारे आणि धुरळा. एप्रिलमध्ये पेंटर स्वतःच लग्नाला गावी. मेमध्ये जांभळे.

यंदाही तसेच झाले आणि जून आला. माथेरानच्या अंगाने काळे झाले, दुपारी धो धो कोसळले. मी ओसरीवरून गाडीकडे पाहत होतो. टप, बॉनेट, डिकी, सगळ्या भेगांत पाणी भरले होते आणि गाडी शोरूममधून आत्ता आणल्यासारखी लखलखत होती. एवढ्यात तोच पेंटर रेनकोट घालून स्कूटरवरून चालला होता. फाटकाशी थांबला, गाडीकडे नीट पाहिले. चेहरा पडला.

“काका,” तो म्हणाला, “दुसरीकडे करून घेतलीत होय? निदान सांगायचं तरी.”

मी म्हटलं, “आत ये, चहा घे. पाऊस उघडेपर्यंत थांब.”