हजार मीटरचे अण्णा

अण्णा हे कुणा एकाचं नाव नव्हे. शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरेला चहाच्या टपरीवर बसून हजार मीटरवरचं निशाण टिपणाऱ्या जमातीचं ते नाव आहे. ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा, याच्याइतकाच रायफलचं कॅलिबर कोणतं हा प्रश्न त्यांना गंभीर वाटतो. आणि त्यांचं गणित चुकत नाही. शंभर मीटरला बसवलेली पॉइंट ३०८ ची गोळी हजार मीटरवर पोचेपर्यंत दहा मीटरहून जास्त खाली येते. २००७ साली आलेल्या ६.५ क्रीडमूरची गोळी सडपातळ, त्यामुळे वारा तिला कमी ढकलतो. नळी इंचभर वाढली की वेग सेकंदाला सहा-सात मीटरने वाढतो, म्हणून अण्णांना नळी २६ इंचीच हवी. २४ इंची म्हणजे तडजोड. मात्र वेग म्हणजे अचूकता नव्हे, आखूड नळी जास्त ताठ असते, असं कुणी म्हटलं की अण्णा चहा मागवतात.

पण निवडायला अण्णांच्या हाती उरतं काय? लष्करी काडतुसाशी जुळणारी पॉइंट ३०३ किंवा ७.६२ साध्या परवान्यावर मिळत नाही, आणि पॉइंट ३०८ हे ७.६२ चंच सख्खं भावंड. मग उरते ती बहुधा सरकारी कारखान्याची पॉइंट ३१५. तिचाही परवाना मिळाला, तरी आचारसंहिता लागली की रायफल पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ येऊ शकते, आणि शिरूर तालुक्यात निवडणुकांना तोटा नाही. जागेचं म्हणाल तर वेळ नदीकाठी हजार मीटर नजर पोचायला आधी तोडणी संपावी लागते. संपली की समोर दुसऱ्याची वस्ती दिसते.

कुणी म्हणेल, मग बिबट्याचं काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिरूरच्या उसात माणसांचे बळी गेले आहेत. पण फडात बिबट्या दिसतो तो दहा-पंधरा फुटांवर. तिथे २६ इंची नळी वळवायलाही जागा नसते आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारण्याचा निर्णय अण्णांवर सोपवलेला नाही. दुसरा आक्षेप असा की, नुसत्या गप्पांनी कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. गावातला एखादा पोरगा नेमबाजीची चौकशी करायला येतो, तेव्हा अण्णा त्याला लाखांचं अंदाजपत्रक ऐकवतात आणि एअर रायफलला खेळणं म्हणतात. पोरगा आल्या पावली परत जातो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं ब्राँझपदक मिळवलं ते पन्नास मीटरवर, पॉइंट २२ च्या गोळीने. तिथे कॅलिबर नियमानेच सगळ्यांना सारखं, ५.६ मिलिमीटर, दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. तेजस्विनी सावंत म्युनिकला २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या, त्याही याच अंतरावर, याच मापाच्या गोळीने. दोघांनाही कॅलिबरवर वाद घालायची सोय नव्हती. सराव तेवढा करता येत होता.

तेव्हा आधी अंतर, मग कायदा, मग खिसा. या तिघांनी ठेवलं तेवढंच कॅलिबर, आणि नळीचा नंबर त्याच्याही मागे. घरातल्या मुलाला नेमबाजी शिकवायची असेल तर सुरुवात दहा मीटरवर, साडेचार मिलिमीटरच्या छर्र्याने होते, आणि तशी रेंज बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आहे. जाताना अण्णांनाही सोबत घ्या. हजार मीटरचा हिशेब त्यांचा तोंडपाठ आहे. दहा मीटरवर उभं राहायची तेवढी सवय नाही.