पँगाँगमध्ये चाक घालणाऱ्यांचा गौरव

कळमनुरीहून लेह अडीच हजार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि आपल्या तरुणांनी हे अंतर मनावर घेतले, ही तालुक्याला भूषणावह गोष्ट आहे. मागच्या काचेवर ‘लडाख मोहीम’, बॉनेटवर झेंडा, डिकीत पाण्याच्या बाटल्यांची खोकी, चारही चाकांखाली लिंबू. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचे एवढे पाणी घराशेजारी आहे, हिवाळ्यात त्यावर पक्षी उतरतात. पण तिथे जायला स्टिकर लागत नाही.

लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे. पोचल्यावर एक-दोन दिवस स्वस्थ पडा, विरळ हवेची सवय होऊ द्या, असे डॉक्टर सांगतात. आपल्या सुट्ट्या मोजक्या, म्हणून दुसऱ्याच दिवशी आणखी उंचावरची ‘खारदुंग ला’ खिंड गाठली जाते. डोके ठणकते, उलट्या होतात, पण पाटीजवळचा फोटो चुकत नाही. फुप्फुसात पाणी भरलेच तर सैन्याचे डॉक्टर आहेत. सीमेवरून उरलेला त्यांचा वेळ सत्कारणी लावण्याचे श्रेय आपलेच.

खरे कर्तृत्व दिसते ते पँगाँगला. २००९च्या ‘थ्री इडियट्स’ने हे तळे घरोघरी पोचवले. ते काठावरून पाहून परतणे हा जुना प्रघात झाला. आता गाडीच पाण्यात घालतात. पुढची चाके आत जातात, काठचा गाळ ढवळून वर येतो, मोबाइल धरलेला मित्र ओरडतो, ‘भाऊ, अजून आत घे!’ एप्रिल २०२२ मध्ये अशाच एका मोटारीचा व्हिडिओ देशभर फिरला, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. त्यांनी भूगोल ध्यानात घेतला नाही. पँगाँगमधून एकही नदी बाहेर पडत नाही. नदीत टाकलेले निर्माल्य खालच्या गावाला जाते. इथे इंजिनाचे तेल आणि कुरकुऱ्यांचे पाकीट जागच्या जागी जपले जाते. नातवंडांना नेऊन दाखवता येईल.

लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. म्हणून लडाखी लोक कोरडे संडास वापरत आणि त्याचे खत जवाच्या शेतात घालत. ही रीत मोडण्यात आपला वाटा आहे. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच मराठवाड्यात टँकरमागे घागर घेऊन धावलेला माणूस लेहच्या हॉटेलात दोन्ही वेळ गरम पाणी आणि फ्लश मागतो, आणि हॉटेलवाला त्यासाठी बोअर पाडतो. भोगलेले दिवस इतक्या लवकर विसरायला मन मोठेच लागते.

आपल्या लोणारप्रमाणेच २०२० मध्ये पाणथळांच्या रामसर यादीत गेलेल्या लडाखच्या त्सो कार तळ्याचा प्रश्न तेवढा उरतो. तिथल्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच नेमके उन्हाळ्यात घरटी करतात आणि गाडी जवळ गेली की अंडी सोडून उठतात. त्यांनी थोडा समजूतदारपणा दाखवून विणीचा हंगाम जानेवारीत न्यावा. तेव्हा तळे गोठलेले असते, पारा उणे वीसच्याही खाली जातो, आणि आपल्यापैकी कोणी तिकडे फिरकत नाही.