आभाळवाले सर

नेरच्या एसटी स्टँडसमोरच्या कुठल्याही टपरीवर विचारा, "आभाळवाले सर कुठं राहतात?" चहा गाळता गाळताच तो हात दाखवील. सर भूगोलाचे. 2010 साली निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात दोनशे पानी रजिस्टर आणून पहिल्या पानावर हिरव्या शाईनं त्यांनी लिहिलं: 'स्काय बेट, स्कॉटलंड. मुक्काम 6 रात्री.' आता त्या बेटाचं नाव कानाला आभाळासारखं लागतं, याला सर काय करणार? "सर स्कायला चालले" ही बातमी बाजारातून फिरून चौकात येईपर्यंत "सर आभाळात चालले" अशी झाली होती. संध्याकाळी दोघं-तिघं काळजीनं घरी विचारपूस करून गेले.

तालुक्याच्या गावाला असा एक माणूस असतोच. प्रवासाला जाणारे वेगळे, प्रवास आखणारे वेगळे. जाणारा बॅग भरतो, जातो, पोट बिघडवून घेऊन येतो आणि महिन्याभरात विसरतो. आखणाऱ्याला विसरून चालत नाही. त्याला पुढल्या वर्षीचं वेळापत्रक बघायचं असतं.

सरांना स्कायच का, हा प्रश्न मी एकदाच विचारला. उत्तर दीड तास चाललं. थोडक्यात असं, की आपण नेरकर ज्या काळ्या दगडावर घरं बांधून बसलोत, तो बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. स्कायच्या उत्तर भागातही लाव्हाच. आपल्यापेक्षा थोडा धाकटा, सहा कोटी वर्षांच्या आसपासचा. तिथं स्टॉर नावाच्या डोंगरापाशी त्याच दगडाचा सुमारे 50 मीटर उंच सुळका उभा आहे. त्याला तिकडचे लोक 'स्टॉरचा म्हातारा' म्हणतात. "म्हणजे आपला चुलतभाऊच की रे!" सर म्हणाले. तेव्हा काकू आतून चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "काळा दगडच पाह्याचा हाय नं? मंग आपल्या वावरातल्या इहिरीत उतरा. पौंडबी लागत नाई अन् व्हिसाबी लागत नाई."

काकूंचं बोलणं सर मनावर घेत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी रजिस्टरच्या समासात 'विहिरीतील दगडाचा नमुना सोबत नेणे' अशी नोंद केलेली मी पाहिली.

पहिल्या रजिस्टरची निम्मी पानं नेर ते मुंबई यातच गेली. नेरहून एसटीनं बडनेरा, बडनेऱ्याहून रेल्वेनं मुंबई. एसटी उशिरा आली तर काय, पंक्चर झाली तर काय, बडनेऱ्याला गाडी चुकली तर कोणत्या भाच्याकडे मुक्काम, सगळं आहे. मुंबई ते लंडन मात्र एका ओळीत उरकलंय: 'विमान.' पुढं लंडनच्या यूस्टन स्टेशनावरून रात्री झोपून जायची गाडी, सकाळी इन्व्हरनेस, तिथून दुसरी रेल्वे थेट समुद्राच्या काठाला, काइल ऑफ लॉखाल्शला. समोर स्काय. आणि इथंच सरांची गाडी चार वर्षं अडकली.

कारण बेटावर जायला 1995 सालापासून पूल आहे. आधी त्याला टोल होता, तिथल्या लोकांनी तो भरायला नकार देत भांडण मांडलं आणि 2004 च्या डिसेंबरात टोल उठला. हे सरांनी लाल शाईनं अधोरेखित केलंय. तेवढी बचत झाली. पण मन खात होतं. "बेटावर जायचं आणि तेही पुलावरून? मग वर्धा ओलांडून पुलगावला गेलो काय अन् स्कायला गेलो काय, फरक काय राहिला?" म्हणून बोटीचा पर्याय आला: मॅलेगहून बोटीत बसायचं, आर्माडेलला उतरायचं. मग सगळी वाटच बदलली, इन्व्हरनेसची पानं फुली मारून रद्द झाली. अखेर तडजोड ठरली, जाताना बोट, येताना पूल. त्या दिवशी सरांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. बाहेरगावच्या एका शेतकऱ्याला वाटलं, सरांच्या घरी लग्न जमलं.

सकाळी पेपर आला की सर आधी कापसाचा भाव बघतात, मग तुरीचा, मग पौंडाचा. वही सुरू केली तेव्हा पौंड सत्तरच्या आसपास होता. आता शंभरावर गेलाय. कापूस मात्र आमच्या डोळ्यांदेखत कधी असा चढून टिकला नाही, हे सांगायला भूगोलाचा मास्तर लागत नाही. "पौंड उतरला की निघतो," असं सर म्हणतात. इकडे शेतकरी भाव वाढायची वाट बघत कापूस घरात भरून ठेवतो, तिकडे सर भाव उतरायची वाट बघत बॅग माळ्यावर ठेवतात. दोघांच्याही घरात उंदीर झालेत.

तिथल्या रस्त्यांवर सरांनी एकदा शाळेत व्याख्यानही दिलं. स्कायवर पुष्कळ ठिकाणी रस्ता एकाच गाडीपुरता असतो, मधे मधे बाजूला सरकायला जागा सोडलेली. समोरून गाडी आली की जो त्या जागेजवळ असेल त्यानं थांबायचं, दुसऱ्यानं जाताना हात वर करून आभार मानायचे. "म्हणजे आपली पांदणच," सर म्हणाले, "फक्त डांबरी." मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला: "पण सर, आपल्या पांदणीत हात वर केला का मारामारी होते!" हे सरांनी 'सूचना' या सदराखाली लिहून घेतलं.

तयारीचं पान तर मी स्वतः झेरॉक्स काढून घ्यावं अशा योग्यतेचं आहे. जवसाची चटणी अर्धा किलो. ठेचा, पण तेल वर न येईल असा. उन्हाळ्यात तिथं मिज नावाचे बारीक चावरे किडे घोंगावतात, त्यासाठी डासांचं मलम सहा नळ्या, आणि कंसात 'कडुनिंबाचा पाला न्यायला परवानगी आहे का, चौकशी करणे.' जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो, तेव्हा संध्याकाळचा चहा किती वाजता घ्यायचा, याचा स्वतंत्र तक्ता.

एवढी तयारी कशाला, असं कुणी म्हटलं की सर स्टीफन हिस्लॉपचं उदाहरण देतात. सर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी. ज्याच्या नावानं ते कॉलेज, तो मिशनरी स्कॉटलंडचाच. 1845 मध्ये नागपुरात आला, शाळा काढली आणि मोकळ्या वेळात आपल्याकडचे दगड गोळा करत हिंडला. 1863 साली टाकळघाटजवळचे प्राचीन दगडांचे वर्तुळ पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेला. "बघा," सर म्हणतात, "स्कॉटलंडचा माणूस दगड बघायला आपल्याकडे आला, ओढ्याची चौकशी न करता निघाला. मी चौकशी केल्याशिवाय निघणार नाही."

परवा मोठी पंचाईत झाली. गावातला एक पोरगा इंग्लंडला शिकायला आहे, तो सुट्टीत आला आणि बोलता बोलता सांगून बसला, की तो मित्रांबरोबर स्कायला दोन दिवस जाऊन आला. आम्ही त्याला खेचतच सरांकडे नेलं. मला वाटलं, सर खट्टू होतील. सरांनी तिन्ही रजिस्टरं काढली, चष्मा पुसला आणि तोंडी परीक्षा घेतल्यासारखं सुरू केलं. बोटीनं गेलास की पुलावरून? पुलावरून. हं. पोर्ट्रीला मुक्काम? हो. डनव्हेगनचा किल्ला? वेळ नव्हता. स्टॉरचा म्हातारा?

पोरगा ओशाळला. "वर चढलो होतो सर. पण धुकं लय होतं. दहा फुटांपलीकडं कायीच दिसलं नाई."

सर क्षणभर गप्प बसले. मग त्यांनी दुसरं रजिस्टर उघडलं. त्यात म्हाताऱ्याचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं, शेजारी उंची, उतार, पायवाट, कुठल्या वळणावर दम लागेल तेही. "बस इथं," ते पोराला म्हणाले. "तुला काय दिसायला पाहिजे होतं, ते सांगतो." तासाभरानं पोरगा बाहेर आला तेव्हा म्हणाला, "आता पाह्यलं बाप्पा एकदाचं."

सरांच्या पहिल्या पासपोर्टची मुदत 2020 मध्ये संपली. दुसरा आला. दोघांचीही पानं कोरी आहेत. तुमच्यापैकी कुणी स्कायला निघणार असाल, तर यवतमाळ-अमरावती रस्त्यावर नेरला उतरा आणि तिन्ही रजिस्टरं बघून घ्या. फक्त वाचून झाली की परत करा, दुसरी प्रत नाही. आणि यंदाच्या मे महिन्याच्या आत या, कारण तेव्हा सर निघणार आहेत.