गोवंडी ते घारापुरी, व्हाया मस्जिद बंदर

ग्रीसच्या किनाऱ्यावर मोनेमव्हसिया नावाचं एक गाव आहे. समुद्रात घुसलेला खडक, त्यावर बायझंटाइन काळातली चर्चं आणि तटबंदी, आणि मुख्य भूमीवरून तिथे जायला एकच वाट. गावाच्या नावाचा अर्थच मुळी 'एकच वाट' असा. तिथे जाऊन आलेले लोक या एका वाटेचं वर्णन डोळे मिटून करतात. गोवंडीकरानं त्यावर भाळून जायचं काही कारण नाही. समुद्रातला खडक, त्यावर दीड हजार वर्षांपूर्वीचं देवस्थान आणि तिथे पोचायला एकच रूढ वाट, हा सगळा ऐवज त्याच्याकडे आहे. शिवाय त्याची वाट उलट्या दिशेनं जाते, जे मोनेमव्हसियाला जमलेलं नाही. माझा मुद्दा एवढाच की, जुना वारसा बघायला गोवंडीहून लांब जावं लागत नाही, लांबून जावं लागतं.

नकाशावर पट्टी ठेवून बघा. गोवंडी स्टेशनपासून घारापुरी जवळजवळ सरळ दक्षिणेला, दहाएक किलोमीटरवर आहे. कावळा हे अंतर चहा निवायच्या आत कापेल. पण कावळ्याला तिकीट लागत नाही. माणसानं आधी हार्बर लोकल पकडायची. ही गाडी बंदराचं नाव लावते आणि शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड अशी बंदराच्या पाठीपाठीनं जाते, पण बंदराचं दर्शन घडू देत नाही. मस्जिद मागे टाकून सीएसएमटीला उतरायचं, तिथून गेटवे गाठायचा, मग लाँचमध्ये तासभर बसून ईशान्येला निघायचं, म्हणजे ज्या बाजूनं आलो त्याच बाजूला. बेट जवळ येतं तेव्हा उत्तरेला एक डोंगर दिसतो. तो ट्रॉम्बेचा, म्हणजे घरामागचा. द्राविडी प्राणायामात निदान नाक तरी शेवटी हाताला लागतं. इथे ते लागल्यावर पुन्हा 120 पायऱ्या चढायच्या असतात. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं, तोही या दिशेच्या गोंधळातून सुटला नाही. 1864 मध्ये त्याला हलवताना त्याचे तुकडे झाले. आता तो जोडलेल्या अवस्थेत भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे आणि बेटावर हत्ती नाही.

यावर चिकित्सक वाचक म्हणेल की हे शैव लेणं, याचा बायझंटियमशी काय संबंध? संबंध पिढीचा आहे. कॉन्स्टँटिनोपलची हागिया सोफिया 537 साली पुरी झाली, आणि घारापुरीचं मुख्य लेणं बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकाच्या मध्याला, कलचुरींच्या काळात नेतात. त्याच सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्यानं, म्हणजे बायझंटाइन सम्राटाच्या प्रजाजनानं, आपल्या ग्रंथात 'कल्लियाना' बंदराची नोंद केली. ते आपलं कल्याण असं सहसा मानतात. पितळ, शिसवीच्या जातीचं लाकूड आणि कापड तिथून जातं, आणि इराणातून नेमलेला एक बिशप तिथे राहतो, असं तो लिहितो. तो स्वतः इथवर आला की ऐकीव लिहिलं, यावर वाद आहे. त्याच ग्रंथात त्यानं पृथ्वी सपाट असून झाकणाच्या पेटीसारखी आहे, असंही ठासून सांगितलं. पंडित त्याला हसतात. मी हसत नाही. संध्याकाळी सहाच्या पनवेल लोकलमध्ये उभा असलेला कोणीही विश्वाच्या या रचनेला दुजोरा देईल. पण पेटीत राहणाऱ्या या माणसालाही जे कळत होतं ते आपण विसरलो: इथली गावं पाण्याच्या अंगानं एकमेकांची शेजारी होती. कल्याण, ठाणे, तुर्भे, घारापुरी ही खाडीच्या वाटेवरची नावं. रेल्वे आली, सगळ्या वाटा दक्षिणेच्या फोर्टकडे वळल्या आणि समोरचं बेट 'पर्यटन' झालं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. गोवंडीच्या बाजूनं थेट पाण्यानं जायचं म्हटलं, तर मधे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, तिथून कोणी होडी सोडू देईल का? देणार नाही, आणि देऊही नये. मी फक्त एवढंच नोंदवतो की बायझंटाइन वास्तूची खूण म्हणजे घुमट, आणि तोही आपल्याकडे आहे. 1960 साली सुरू झालेल्या सायरस अणुभट्टीचा घुमट लाँचमधून छान दिसतो. आत मात्र जाता येत नाही. जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतू ट्रॉम्बे आणि घारापुरी यांच्या मधूनच जातो, पण त्यावर गाडी थांबवायला बंदी आहे. दर्शन धावतं घ्यायचं.

तिसरं म्हणणं असं की गोवंडीला याहून मोठी दुखणी आहेत, लेण्यांची चैन कशाला? इथे विनोद पुरे होतो. कुर्ला-चेंबूरची पटरी 1906 मध्ये घातली गेली ती शहराचा कचरा वाहायला. प्रवाशांना ती 1924 मध्ये मिळाली. 1927 पासून देवनारचा डोंगर वाढतो आहे, तोही खाडीच्याच कडेला. ज्या पाण्यावरून जगाशी व्यापार झाला, त्याच्याकडे शहरानं आधी पाठ केली आणि मग त्या पाठीमागे काय टाकायचं ते ठरवलं. त्या डोंगराच्या पायथ्याशी वाढणाऱ्या पोराला, समोरच्या पाण्यात सुमारे 18 फुटांचा तीन मुखांचा शिव आहे हे कळणं ही चैन नव्हे. ते त्याच्या पत्त्याचाच भाग आहे. आणि घारापुरीच्या रहिवाशांनाही फार हेवा करण्यासारखं काही मिळालेलं नाही: 1987 साली बेट जागतिक वारसा ठरलं, पण समुद्राखालच्या तारेनं वीज पोचली ती 2018 मध्ये.

तेव्हा जरूर जा. सोमवारी लेणी बंद असतात, आणि रविवारी निघणार असाल तर हार्बरचा मेगाब्लॉक आधी बघून घ्या.