सहवैमानिकाला उतरवायचं कसं?

मायक्रोसॉफ्टने आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाचं नाव 'कोपायलट' ठेवलं, त्यात मोठा विनय आहे. वैमानिक तुम्ही, तो बिचारा शेजारच्या खुर्चीवरचा सहवैमानिक. ती खुर्ची रिकामी ठेवायची असेल तर काय करायचं, एवढंच त्या नावात मावलं नाही. त्याचं उत्तर वर्डच्या पोटात सापडतं. फाइल, मग ऑप्शन्स, मग कोपायलट; तिथे एक चौकट आणि चौकटीत आधीच केलेली टिक. ती काढायची, वर्ड बंद करायचं, पुन्हा उघडायचं. सुटलो असं वाटतं, पण सुटतं ते फक्त वर्ड, आणि तेही त्याच संगणकावर. एक्सेलची टिक वेगळी, पॉवरपॉइंटची वेगळी, वननोटची वेगळी, आणि घरच्या लॅपटॉपवर हीच प्रदक्षिणा पहिल्यापासून. सातबाऱ्यावरचं एक नाव कमी करून घेण्यासाठी ज्यांनी चपला झिजवल्या, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. मौज अशी की आउटलुकमध्ये मात्र एकदा बंद केलं की ते खात्यावर नोंदलं जातं आणि त्या खात्याच्या सगळ्या यंत्रांवर लागू होतं. म्हणजे एका बटणात हे काम होतं, हे त्याच कंपनीला ठाऊक आहे. एका दालनात जमतं ते शेजारच्या दालनात जमत नसेल, तर अडचण तंत्रज्ञानाची नसावी.

कोणत्या ॲपमध्ये मदतनीस चालू ठेवायचा, हा प्रश्न वरकरणी सेटिंगचा आहे आणि म्हणून तो आयटी विभागातल्या पोराकडे ढकलून साहेब लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात प्रश्न हा आहे, की ज्याने काहीच ठरवलेलं नाही त्याच्या वतीने कोण ठरवतं. महापालिका 'हरकती व सूचना' मागवते, जाहिरात कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा कोपऱ्यात छापते आणि मुदत संपली की 'हरकत आली नाही' असा शेरा मारते. आधीपासून केलेली टिक ही त्याच घराण्यातली. गप्प बसलेला माणूस म्हणजे संमती दिलेला माणूस, हे एकदा गृहीत धरलं की पुढचं सगळं सोपं होतं. शिवाय बंद करण्याची किंमत वाढवता येते. कोपायलट घालवण्याचा दुसरा मार्ग गोपनीयतेच्या सेटिंगमधून जातो. पण तिथलं बटण बंद केलं, तर वर्डमधले पुढच्या शब्दाचे अंदाज आणि पॉवरपॉइंटची मांडणी सुचवणारी सोयही जाते. गूगलच्या जीमेलमध्ये 'स्मार्ट' सुविधा नाकारल्या, तर टपालाची जाहिराती आणि इतर अशी आपोआप होणारी वाटणीही बंद होते. सोसायटीत केबल नको म्हणणाऱ्याचं पाणी तोडावं, तसा हा न्याय.

आता यात पैशांचा संबंध काय, असं कुणी विचारेल, म्हणून ऑस्ट्रेलियाची गोष्ट. तिथे मायक्रोसॉफ्ट ३६५च्या घरगुती योजनांमध्ये कोपायलट घातला गेला आणि वैयक्तिक योजनेचा वर्षाचा दर १०९ ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १५९ झाला, कुटुंबाच्या योजनेचा १३९वरून १७९. ग्राहकांना कळवलं गेलं ते असं, की नवा दर भरा किंवा योजना सोडा. जुन्या दरात, कोपायलटविना, 'क्लासिक' नावाची तिसरी योजना होती. पण तिथल्या ग्राहक आयोगाचा आरोप असा, की ती दिसत होती फक्त सोडून जायला निघालेल्यांना. उंबऱ्यापर्यंत पोचल्यावरच यजमानाने चहा विचारावा, तसं. ऑक्टोबर २०२५मध्ये आयोग कोर्टात गेला. बाधित ग्राहकांची संख्या त्याने सुमारे २७ लाख सांगितली. पुढच्या महिन्यात कंपनीने माफी मागितली आणि जुन्या योजनेकडे परतणाऱ्यांना फरकाचे पैसे देऊ केले. मदतनीस इतका हवाहवासा असता, तर त्याच्याविना मिळणारी योजना लपवून ठेवण्याचे कष्ट कुणी का घेतले असते?

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे घरच्या गिऱ्हाइकाचं झालं, ऑफिसमध्ये ॲडमिन असतो आणि त्याच्या हातात सगळ्या कळा असतात. असतात, हे खरं. पण त्या कळा दाबत बसणं हीच त्याची नोकरी होऊन बसली आहे. २०२५च्या शरद ऋतूत, ज्या विंडोज संगणकांवर ऑफिसची ॲप्स आहेत तिथे कोपायलटचं ॲप आपोआप बसवण्याचं जाहीर झालं. नको असेल तर ॲडमिनने आधी जाऊन नकार नोंदवायचा. युरोपीय आर्थिक क्षेत्र तेवढं वगळलं. म्हणजे न विचारता घरात शिरू नये हा शिष्टाचार माहीत आहे, फक्त तो भूगोल पाहून पाळायचा. त्याच सुमारास आणखी एक सोय आली: कर्मचाऱ्याने स्वतःच्या खर्चाने घेतलेला कोपायलट ऑफिसच्या फाइलवर चालवता येईल, ॲडमिनने मनाई केली नसेल तर. रखवालदाराला दर महिन्याला सांगायचं की भिंतीत नवं दार पाडलंय, कडी तुझी तू लाव. आणि झोप लागली तर दोष त्याचा. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण रचणाऱ्याने निदान ओसरी मालकाने दिली असं तरी धरलं होतं.

शिवाय ॲपनिहाय कळ लावण्यात एक मोठा भ्रम आहे. वर्डमध्ये बंद, आउटलुकमध्ये चालू, टीम्समध्ये साहेबांपुरता चालू, असा तक्ता करून त्याच्यावर सही घेतली की नियंत्रण झालं असं कार्यालयांना वाटतं. गुपित ॲपमध्ये नसतं, कागदात असतं. पगाराचा तक्ता एक्सेलमध्ये जन्मतो, मेलला चिकटून प्रवास करतो आणि टीम्सच्या बैठकीत त्याची चर्चा होते. जून २०२५मध्ये सुरक्षा संशोधकांनी 'एकोलीक' नावाची त्रुटी उघड केली, तिची तीव्रता १०पैकी ९.३ होती. बाहेरच्या कुणीही एक मेल पाठवायचा. त्यावर क्लिक करण्याचीही गरज नाही. पुढे मदतनिसाला काही विचारलं, की त्या मेलमध्ये दडवलेल्या सूचना पाळून तो ऑफिसची अंतर्गत माहिती बाहेर पोचवू शकत होता. मायक्रोसॉफ्टने ती दुरुस्त केली आणि कुणाला फटका बसला नाही, असं सांगितलं. ते मान्य करू. पण चोर शिरला असता ओसरीतून आणि माल गेला असता माजघरातला. अशा घरात खोलीनिहाय कुलुपांचा तक्ता घेऊन काय करायचं?

आपल्याकडे या तक्त्याचीही कटकट नाही, दोन टोकं पुरेशी असतात. जानेवारी २०२५च्या परिपत्रकात केंद्रीय अर्थ मंत्रालयाने चॅटजीपीटी, डीपसीक असली साधनं कार्यालयीन यंत्रांवर वापरू नका म्हणून बजावलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टीसीएस, इन्फोसिस, विप्रो आणि कॉग्निझंट प्रत्येकी ५० हजारांहून अधिक कोपायलट लायसन्स घेणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. हिंजवडीत या चौघांच्याही पाट्या आहेत. एकीकडे सरसकट बंदी, दुसरीकडे सरसकट खरेदी. कोणत्या कामाला हवा आणि कोणत्या कागदाला नको, हा कंटाळवाणा विचार दोन्हीकडे वाचतो.

दुसरा आक्षेप जुन्या वळणाच्या माणसांच्या तोंडावर फेकला जातो: शब्दलेखन तपासणारं साधन आलं तेव्हाही तुम्ही कुरकुरलातच. कुरकुरलो असू, पण त्या साधनाने चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारली, आपली टपालपेटी वाचली नाही. खरा पूर्वज शोधायचाच तर तो ऑफिस ९७मधली डोळे मिचकावणारी क्लिप. तीही न बोलावता यायची. २००१च्या आवृत्तीत ती मुळात बंद ठेवूनच दिली गेली आणि २००७मध्ये नामशेष झाली. लोकांना नको आहे हे मान्य करायला कंपनीला तेव्हा दहा वर्षं लागली, आणि ती क्लिप तर फुकट होती.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. वेळ वाचतो. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी पत्रापुढे अडखळणाऱ्याला हा मदतनीस आधार वाटत असेल, तर त्याची थट्टा करण्याचं कारण नाही. ब्रिटनमध्ये २० हजार सरकारी कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला आणि दिवसाला सरासरी २६ मिनिटं वाचल्याचं सांगितलं गेलं. ती मिनिटं कर्मचाऱ्यांनी स्वतःच अंदाजाने मोजलेली. त्याच सरकारच्या उद्योग-व्यापार खात्याने स्वतंत्र मूल्यमापन केलं, तेव्हा लोक खूश दिसले, उत्पादकता वाढल्याचा पुरावा मात्र सापडला नाही. दोन्ही खरं असू शकतं. एकाने तीन ओळींचा मजकूर मदतनिसाकडून तीन परिच्छेदांचा करून घ्यायचा आणि पलीकडच्याने आपल्या मदतनिसाकडून पुन्हा तीन ओळींचा. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, आणि दोघांच्याही हजेरीत मिनिटं वाचलेली. चूक झाल्यावर सही कुणाची, हे तर बाजूलाच. डेलॉइटने ऑस्ट्रेलियन सरकारला सुमारे ४ लाख ४० हजार डॉलरचा अहवाल दिला, त्यात अस्तित्वात नसलेले संदर्भ निघाले, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरल्याचा उल्लेख आला तो सुधारित आवृत्तीत. काही पैसे परत करावे लागले. ते मदतनिसाने नाही, कंपनीने भरले.

म्हणून मागणी साधी आहे. टिक कोरी द्या, एकच द्या, खात्याला चिकटणारी द्या, आणि तिच्याविना मिळणाऱ्या मालाचा दर पहिल्या पानावर छापा. आउटलुकमध्ये यातलं निम्मं आधीच चालू आहे, तेव्हा जमत नाही असं सांगू नका. तोवर, वाचकहो, वर्डमधली टिक काढून झाली असेल तर एक्सेल उघडा. पॉवरपॉइंट आणि वननोट त्यानंतर.