पाणबुडीवर टिकली

टिकली मरून रंगाची होती. गोल, मधोमध बारीक खडा, जुन्या चार आण्यांएवढी. साडूंच्या गाडीत, स्पीडच्या काट्याच्या डाव्या अंगाला ती इतकी मापात चिकटवली होती की मला आधी वाटलं, शोरूममधूनच आली असावी. आमच्या घरी आरशावर टिकल्यांची वसाहत असते, त्यामुळे टिकलीचं नवल नव्हतं. जागेचं होतं.

“ती होय,” साडू म्हणाले. “तिच्याखाली लाइट आहे.”

“कसला?”

“पिवळा. पाणबुडीसारखं काहीतरी चित्र आहे. गणपतीपासून लागतोय. रात्री डोळ्यांत जातो हो फार.”

महिना डिसेंबर. आम्ही पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो, मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला. मागे दोघी बहिणी, त्यांच्या मांडीवर पेढ्यांचे बॉक्स, आणि पुढे मी, टिकलीकडे बघत.

ती पाणबुडी म्हणजे इंजिनाचं चित्र, हे साडूंना ठाऊक नव्हतं असं कृपा करून समजू नका. साडू इंजिनिअर आहेत. सिव्हिलचे आहेत, मान्य. पण पिवळा आणि लाल सिव्हिललाही कळतो. शिवाय हाच माणूस फोनची बॅटरी १५ टक्क्यांवर येऊन लाल झाली की लग्नाच्या पंगतीतून उठतो, भिंती चाचपतो, परक्याच्या घरातला फ्रिजचा प्लग काढून स्वतःचा चार्जर लावतो. तो लाल रंग दिसतो. गाडीची तर केवढी निगा! रोज धुणं, आठवड्याला पॉलिश, दर शनिवारी नवी लिंबू-मिरची, दसऱ्याला रेडिएटरला वारासुद्धा लागू नये एवढी जाड झेंडूची माळ. फक्त बॉनेट उघडायचं नाही. त्याच्या आत बघणं त्यांना बहुधा असभ्य वाटतं. गाडी धुणाऱ्या पोराने दोनदा सांगितलं होतं, “काका, पाणी सारखं कमी होतंय.” काकांनी त्याला रोज नळाचं पाणी भरायला सांगितलं आणि सोसायटीत विनोद केला, “पाणीच पिते ना, दारू तर पीत नाही!” लोक हसले. मीही हसलो होतो, हे कबूल करतो.

पण मुद्दा टिकलीचा. मी त्यानंतर बऱ्याच गाड्यांमध्ये डोकावलो आणि माझी खात्री झाली की हा एकट्या साडूंचा शोध नाही, हे शास्त्र आहे आणि त्यात घराणी आहेत. टिकलीवाले हे त्यातले रसिक. काळी इलेक्ट्रिकची टेप लावणारे रुक्ष. बाप्पाचा स्टिकर लावणारे सगळ्यांत हुशार, कारण तो काढा म्हणायची कोणाची छाती होत नाही. इंजिन खालून ओरडतंय आणि वर बाप्पा आशीर्वाद देतायत. जुन्या गाड्यांत मागून हात घालून बल्बच काढून टाकता यायचा, तो सुवर्णकाळ गेला. आणि या सर्वांच्या वर एक उच्चभ्रू घराणं आहे, ते थेट गॅरेजला जाऊन सांगतं, “एवढा लाइट घालवून द्या.” नीट ऐका. बिघाड काढा नाही, लाइट घालवा. मेस्त्री बिचारा स्कॅनर जोडतो. स्क्रीनवर कोड येतो, पी ०३००. म्हणजे सिलिंडर मिसफायर होतायत. तो सांगायला लागतो की साहेब, प्लग बघावे लागतील, कॉइल बघावी लागेल, हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असेल. साहेब घड्याळाकडे बघतात. “ते कोडबिड राहू दे. लाइट?” मेस्त्री कोड पुसतो. लाइट जातो. साहेब दोनशे रुपये देतात, घरी सांगतात की गाडी नीट करून आणली, आणि चार दिवसांनी लाइट परत लागला की गॅरेजच्या दारात उभं राहून मेस्त्रीला शिव्या घालतात, कारण त्याने “काम नीट केलं नाही”. हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. मेस्त्री माझ्याकडे बघून नुसता हसला आणि चहा प्यायला गेला.

असो. शिरवळपर्यंत आमचं बरं चाललं होतं. मग कुठूनतरी टक्-टक्-टक् असा बारीक आवाज यायला लागला. साडूंनी तो तत्परतेने दुरुस्त केला: गाण्यांचा आवाज वाढवला. पुढे खंबाटकीचा चढ लागला, रविवारची गर्दी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चाललेली रांग, आणि गाडीत एक गोडसर वास भरला.

“वा,” साडू म्हणाले, “गुऱ्हाळ लागलं वाटतं.”

खंबाटकी घाटात गुऱ्हाळ! कुलंट जळलं की असाच गोड वास येतो, काकवीसारखा. त्यात ग्लायकॉल असतं. मी म्हणालो, “अहो, टेंपरेचरचा काटा वर गेलाय.”

“चढ आहे ना. काटाही चढणारच.”

या वाक्यावर मी अजून विचार करतो. त्यात एक पक्कं तर्कशास्त्र आहे, भेदायला कुठे फटच नाही. मागच्या काचेतून बघितलं तर आमच्या गाडीने पांढऱ्या धुराचा एवढा मोठा पदर पसरला होता की मागची स्कूटर त्यात पार नाहीशी झाली होती. मग डॅशबोर्डवर दुसरा लाइट लागला. हा लाल. किटलीसारखं चित्र, चोचीतून थेंब पडणारं. ऑइलचं प्रेशर गेल्याची ही खूण. गाडीतल्या सगळ्या दिव्यांत हिच्याइतकी घाई दुसऱ्या कुणालाच नसते. इंजिनातला क्रँकशाफ्ट मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेतो आणि तो बेअरिंगवर टेकलेला नसतो, ऑइलच्या केसाहून पातळ थरावर तरंगत असतो. तो थर गेला की लोखंडाला लोखंड लागतं. तेव्हा करायचं एकच: गाडी कडेला, इंजिन बंद, त्याच क्षणी.

साडूंनी मान मागे वळवली. “अगं, पर्समध्ये आणखी एक टिकली आहे का?”

मेहुणीने पाकीट काढलं. “लाल आहे. चालेल?”

“लालवर लालच बरी दिसेल.”

ती नखाने टिकली सोडवत असतानाच इंजिनातून कोणीतरी आतून हातोडा मारल्यासारखा एक आवाज आला आणि गाडी थांबली. घाटाच्या मधोमध. वळणावर.

आता जरा विनोद बाजूला ठेवतो, कारण पुढचे दोन तास मी त्या वळणावर उन्हात उभा होतो आणि विनोद तिथेच वाळून गेला. आमच्या मागे नजर जाईल तिथपर्यंत रांग झाली. लादलेले ट्रक चढावर थांबले, त्यांचे क्लीनर उड्या टाकून चाकाखाली दगड लावायला पळाले. एका टेंपोत टोमॅटोचे क्रेट होते, ते कोणाच्या तरी बाजारात वेळेवर पोहोचायचे होते. बायका लेकरांना घेऊन कठड्याच्या सावलीला बसल्या. या सगळ्यांनी आपापल्या गाड्यांत ऑइल बदललं होतं, पट्टे बदलले होते, लाइट लागला तेव्हा पदरचे पैसे मोडले होते. आणि त्यांचा रविवार खाल्ला एका टिकलीने. निळा धूर सोडत पुढे चालणारे, मागच्या दुचाकीवाल्याच्या फुप्फुसात स्वतःचं जळकं ऑइल भरणारे, आणि विचारलं तर पीयूसीचा कागद फडकवणारे, हे सगळे साडूंचेच सख्खे भाऊ. गाडी तुमची, इंजिन तुमचं, पैसे तुमचे, सगळं मान्य. रस्ता कोणाच्या तीर्थरूपांचा?

साडू तोपर्यंत बॉनेटचा खटका शोधत होते. सहा वर्षांची गाडी. खटका सापडायला दहा मिनिटं लागली. मग ते टॉवेल घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे वळले, तसा मागच्या ट्रकचा क्लीनर, मिसरूड फुटलेला पोरगा, धावत आला आणि त्याने त्यांचा हात धरला. “काका, भाजून निघाल!” बंद रेडिएटरात दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. हे त्या पोराने कुठल्याही कॉलेजात न जाता इंजिनिअरला सांगितलं. मग त्याने ऑइलची पट्टी काढून दाखवली. तिच्यावर दुधाचा चहा होता. अगदी तसाच रंग, वर फेसही. पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं.

“साहेब, लाइट लागला नव्हता का?” त्याने विचारलं.

“लागला होता ना,” साडू दुखावल्या सुरात म्हणाले. “तीन महिने लागला होता. काही झालं नाही!”

तीन महिने काही झालं नाही. तो पोरगा हातात पट्टी धरून तसाच उभा राहिला, पुढे काय बोलावं त्याला सुचेना. मलाही सुचलं नाही.

क्रेन आली, गाडी खाली खंडाळ्याच्या गॅरेजला गेली, आम्ही वडापच्या जीपमध्ये पेढे सांभाळत साखरपुडा उरकल्यावर पोहोचलो. तिथे साडू जेवताना प्रत्येकाला सांगत होते, “एकदम अचानक हो! काही कल्पनाच नाही!” आणि ऐकणारे चुकचुकत होते, कुणीतरी घाटाला दोष देत होतं, कुणी आजकालच्या गाड्यांना. मी बासुंदीत लक्ष घातलं.

हेड वाकलं होतं, गॅस्केट जळालं होतं, बेअरिंगं खल्लास. पूर्ण इंजिन काम निघालं. बिल मी सांगत नाही, साडू सदर वाचतात. तीन आठवड्यांनी गाडी आणायला त्यांच्यासोबत गेलो. मेस्त्रीने रिवाजाप्रमाणे काढलेले जुने पार्ट गोणपाटात बांधून दिले: काळं पडलेलं गॅस्केट, चरे पडलेली बेअरिंगं, दोन नळ्या. आणि वर, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर नीट चिकटवलेली मरून टिकली. “ही तुमची राहिली होती,” तो गंभीरपणे म्हणाला.

साडूंनी गोणपाट तिथेच भंगारात टाकलं. टिकली तेवढी घेतली. बोटाने तिचा गोंद चाचपून पाहिला, अजून धरत होता, आणि गाडीतल्या आरशाच्या कडेला लावून ठेवली, हाताशी.